राजकारण पटत नाही, पण गाणं सुटत नाही : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संगीताच्या गप्पा कुठूनही सुरू झाल्या तरी हा विषय निघतोच : कलाकाराची राजकीय मतं खटकतात, त्याचं संगीत मात्र मनातून जात नाही. लोक ज्या शब्दांत विचारतात, साधारण त्याच शब्दांत प्रश्न खाली दिले आहेत. आधी साधे, मग अवघड. एक मर्यादा आधीच सांगतो. इथे विषय राजकीय मतांचा आणि भूमिकांचा आहे. एखाद्या कलाकाराने कुणावर अत्याचार केला असेल तर तिथे समोर पीडित व्यक्ती असते आणि मतभेदाची भाषा अपुरी पडते. तो प्रश्न इथे घेतलेला नाही.

१. ज्याचं राजकारण मला अजिबात पटत नाही, त्याचं गाणं आवडणं चूक आहे का?

नाही. चाल आवडते ती आधी, ती कुणाची हे पुष्कळदा नंतर कळतं. आवड ठरवून होत नाही, त्यामुळे तिला चूक की बरोबर असं विचारण्यात अर्थ नाही. त्या आवडीपोटी आपण पुढे काय करतो, हे मात्र जरूर विचारावं.

ऐकणं, पैसे देणं आणि मान देणं या तीन गोष्टी सुट्या ठेवा. रात्री घरी एकट्याने एखादी रचना ऐकणं वेगळं, हजारो लोकांत तिकीट काढून बसणं वेगळं, आणि त्या कलाकाराचा जाहीर सत्कार करणं त्याहून वेगळं. पहिल्याला माझी जवळजवळ कधीच हरकत नसते. तिसऱ्याला बऱ्याचदा असते. या विषयावरची अर्धी भांडणं तिन्हींची सरमिसळ झाल्यामुळेच होतात.

२. पण सतत ऐकत राहणं म्हणजे मूक संमतीच नाही का?

तसं असतं तर ख्रिस क्रिस्टी कधीच डेमोक्रॅट झाला असता. २०१० ते २०१८ या काळात तो न्यू जर्सीचा रिपब्लिकन गव्हर्नर होता आणि रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा निस्सीम चाहता. आपण त्याच्या शंभराहून जास्त मैफिली ऐकल्या आहेत असं तो सांगतो. स्प्रिंगस्टीनने २००४ मध्ये जॉन केरीसाठी आणि २००८ मध्ये बराक ओबामांसाठी, म्हणजे डेमोक्रॅट उमेदवारांसाठी, प्रचार केला. क्रिस्टी आपल्या पक्षात राहिला आणि मैफिलींनाही जात राहिला. गायकाचं मत बदललं नाही, श्रोत्याचंही नाही.

संमती द्यायची तर ती बोलून, मत देऊन, पैसे देऊन, सोबत उभं राहून दिली जाते. कान देणं ही संमती धरली, तर विरोधकाचं भाषण ऐकणारा प्रत्येक माणूस त्याचा अनुयायी ठरेल.

३. कला आणि कलाकार वेगळे काढता येतात की नाही? एकदाच काय ते सांगा.

एकदाच सांगता येत नाही. ते कामागणिक ठरतं, आणि कधी एकाच कामाच्या दोन भागांत वेगळं ठरतं.

जर्मन संगीतकार रिचर्ड वाग्नरचं उदाहरण लोक सर्वांत जास्त देतात, म्हणून तेच नीट पाहू. १८५० मध्ये लाइपझिगच्या एका संगीतपत्रिकेत त्याने टोपणनावाने ज्यूंविरुद्ध लेख लिहिला. ज्यू संगीतकारांना खरी कला निर्माण करताच येत नाही, असा त्याचा सूर होता. १८६९ मध्ये तोच लेख त्याने स्वतःच्या नावाने, पुस्तिका करून पुन्हा छापला. तेव्हा तरुणपणी रागाच्या भरात लिहिलं गेलं, अशी सवलत त्याला देता येत नाही. आणि याच वाग्नरच्या 'पार्सिफाल' या ऑपेराचा पहिला प्रयोग १८८२ मध्ये बायरॉइटला झाला, तेव्हा संगीत संचालन हेरमान लेव्ही करत होता. लेव्ही एका ज्यू धर्मगुरूचा मुलगा. वाग्नरने त्याच्यावर धर्मांतरासाठी दबाव आणला; लेव्ही बधला नाही आणि संचालन त्यानेच केलं.

वाग्नरच्याच 'ट्रिस्टान' या ऑपेराची सुरुवात ऐका. पहिलाच स्वरसमूह असा की तो सुटायला हवा असं कानाला वाटतं, आणि तो सुटतच नाही, नव्या ताणात जाऊन पडतो. हे ताणणं तासन्‌तास चालतं आणि नाटक संपता संपता कुठे त्या स्वरांना विसावा मिळतो. या स्वररचनेत ज्यूद्वेष दाखवा म्हटलं तर मला दाखवता येणार नाही. त्याच्या काही पात्रांच्या रंगवण्यात मात्र तो डोकावतो असं म्हणणारे अभ्यासक आहेत, आणि त्यांचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही. म्हणून मी 'वाग्नर चालेल का' असं न विचारता 'हे काम, हा भाग, इथे काय आहे' असं विचारतो.

४. वाग्नर १८८३ मध्येच गेला. मग त्याच्यावरून अजून वाद का?

हिटलरचा जन्म १८८९ चा. वाग्नरने त्याला पाहिलंही नव्हतं, हे खरं. पण नाझींनी ते संगीत आपल्या सोहळ्यांना वापरलं, आणि ज्यांनी ते तशा वातावरणात ऐकलं त्यांच्या स्मरणात ते तसंच रुतून बसलं.

आजच्या इस्रायल फिलहार्मोनिकच्या आधीच्या वाद्यवृंदाने नोव्हेंबर १९३८ मध्ये, जर्मनीत ज्यूंच्या दुकानांवर आणि प्रार्थनास्थळांवर हल्ले झाल्यावर, कार्यक्रमातून वाग्नरची रचना काढून टाकली. तेव्हापासून तिथे त्याचं संगीत जाहीर मैफिलीत वाजवायचं नाही असा संकेत पडला. तो कायदा नाही. घरी ध्वनिमुद्रण ऐकायला कुणी अडवत नाही. १९८१ मध्ये तेल अवीवमध्ये झुबिन मेहतांनी कार्यक्रम संपल्यावर जादा म्हणून 'ट्रिस्टान'चा शेवट घेतला. ज्यांना ऐकायचं नसेल त्यांनी जावं असं त्यांनी आधी सांगितलं होतं, ज्या वादकांना वाजवायचं नव्हतं त्यांना मोकळीक दिली होती. तरी सभागृहात गोंधळ झाला. छळछावणीच्या काळातून वाचलेला तिथला एक कर्मचारी मंचावर चढून अंगावरचे व्रण दाखवू लागला. २००१ मध्ये जेरुसलेमला संचालक डॅनियल बारेनबॉइमने ठरलेला कार्यक्रम संपवून श्रोत्यांनाच विचारलं, बराच वेळ वादविवाद झाला, काही जण निघून गेले, उरलेल्यांसाठी त्याने वाजवलं.

मला यातून एवढं दिसतं की संगीत निर्दोष ठरलं तरी प्रश्न संपत नाही. समोर बसलेल्या माणसाला ते ऐकताना काय होतं, हाही प्रश्न आहे. आणि तो एकट्याने ऐकताना येत नाही, एकत्र ऐकताना येतो.

५. साधा मतभेद आणि सहन न होण्यासारखं मत, यात रेघ कुठे मारायची?

माझी रेघ अशी : करांचे दर, सरकारी खर्च, कोणता पक्ष सत्तेत असावा, परराष्ट्र धोरण, यावरचे मतभेद गाण्याच्या आड येऊ देऊ नयेत. एखाद्या समाजाला कमी दर्जाचं माणूस मानणं, त्यांना हाकलून द्या म्हणणं, हिंसेला चिथावणी देणं ही वेगळी जात.

१९७६ मध्ये बर्मिंगहॅमच्या मंचावरून ब्रिटिश गिटारवादक-गायक एरिक क्लॅप्टनने स्थलांतरितांविरुद्ध जे बोललं ते या दुसऱ्या जातीतलं होतं, आणि बोलणाऱ्याची सारी कारकीर्द कृष्णवर्णीयांच्या ब्लूजवर उभी होती. त्याला उत्तर म्हणून ब्रिटनमध्ये 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ उभी राहिली. तिने मैफिली भरवल्या, कृष्णवर्णीय आणि गोऱ्या वादकांना एका मंचावर आणलं. निषेधाचा इतका संगीतमय मार्ग मला दुसरा माहीत नाही.

रेघ प्रत्येकाची थोडी इकडेतिकडे होईल. पण ती आपल्या बाजूच्या कलाकारालाही तीच लावायची, एवढं पाळावं.

६. मी गाणं ऐकलं की पैसे त्यालाच जातात ना?

वाटतं तितके सरळ नाही, आणि थोडेच.

स्ट्रीमिंगवर बहुतेक ठिकाणी पैशांची एक सामाईक रक्कम जमते. कंपनी आपला वाटा ठेवते (स्पॉटिफाय सुमारे दोन तृतीयांश उत्पन्न हक्कधारकांना देत असल्याचं सांगते) आणि उरलेली रक्कम त्या महिन्यात कुणाची गाणी एकूण किती वेळा ऐकली गेली त्या प्रमाणात वाटली जाते. म्हणजे तुम्ही भरलेली वर्गणी तुम्ही ऐकलेल्या कलाकारांनाच जाते असं नाही. तुम्ही महिनाभर फक्त बासरी ऐकली तरी तुमच्या पैशांतला मोठा भाग त्या महिन्यात सर्वांत जास्त ऐकल्या गेलेल्यांकडे जातो. २०२४ पासून स्पॉटिफायवर ज्या गाण्याला आधीच्या बारा महिन्यांत हजार वेळाही ऐकणारे मिळाले नाहीत, त्याला ध्वनिमुद्रणाचं मानधनच मिळत नाही.

शिवाय हक्क कुणाकडे आहेत हे पाहावं लागतं. ध्वनिमुद्रणाचे हक्क बहुधा कंपनीकडे, शब्द आणि चाल यांचे वेगळे. भारतात २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटगीताच्या गीतकार-संगीतकारांचा मानधनाचा हक्क कायद्याने राखला गेला. गायकाचं राजकारण खटकलं म्हणून तुम्ही गाणं बंद केलंत तर गीतकाराचाही वाटा गेला. उलट बॉब डिलनने आपल्या गीतांचे हक्क २०२० मध्ये विकून टाकले. ती आता ऐकलीत तर गीतकाराचा वाटा विकत घेणाऱ्या कंपनीला जातो.

पैसे द्यायचेच नसतील तर जुनी तबकडी किंवा सीडी वापरा. एकदा विकली गेलेली वस्तू पुन्हा ऐकल्याने किंवा जुन्या बाजारातून घेतल्याने कलाकाराला काही मिळत नाही. चोरून उतरवून घेऊ नका. त्यात वादकांचा आणि गीतकाराचाही हक्क बुडतो. खरा पैसा मैफिलीच्या तिकिटात असतो (प्रश्न ७).

७. मैफिलीला जाऊ का?

कार्यक्रम कशासाठी आहे ते पाहा. नुसती मैफिल असेल आणि कलाकार प्रश्न ५ मधल्या पहिल्या प्रकारात बसत असेल तर खुशाल जा. पक्षाचा मेळावा असेल, निधी गोळा करायचा असेल, मंचावर नेते असतील, तर तुमची खुर्ची ही गर्दीतली एक खुर्ची म्हणून मोजली जाते. तिथे मी जात नाही, मग गाणारा कितीही आवडता असो.

८. राजकारण गाण्याच्या शब्दांतच असेल तर?

तर ते ऐका, समजून घ्या, आणि मग ठरवा. शब्द न ऐकता चालीवर डोलणं हा त्या गाण्याचा अपमान आहे, तुम्ही त्याच्या बाजूचे असा की विरुद्ध.

स्प्रिंगस्टीनचं 'बॉर्न इन द यूएसए' १९८४ चं. धृपद छाती फुगवून गाण्यासारखं, आणि कडवी व्हिएतनामहून परतलेल्या, काम न मिळणाऱ्या सैनिकाची. त्याच वर्षी रोनाल्ड रेगनने न्यू जर्सीच्या प्रचारसभेत स्प्रिंगस्टीनचं नाव घेतलं, त्याच्या गाण्यांत आशा आहे असं म्हटलं. पुढे कित्येक मिरवणुकांत हे गाणं देशप्रेमाचं म्हणून वाजलं. विरोधी मताच्या माणसाने हे गाणं आवडीने ऐकावं, त्याला माझी ना नाही. फक्त कडवी गाळून ऐकू नयेत.

दुसऱ्या टोकाला अशी गाणी असतात की ज्यांत चाल मोहक आणि शब्दांत कुणाचा तरी उघड द्वेष. अशी गाणी मी लावत नाही. गाताना ते शब्द आपल्याच तोंडून बाहेर पडतात.

९. बँडमधल्या एकाचंच राजकारण खटकतं. सगळा बँड सोडू?

रामोन्स या अमेरिकन पंक रॉक बँडमध्ये जॉनी कट्टर रिपब्लिकन आणि जोई डाव्या विचारांचा. १९८५ मध्ये रेगनने जर्मनीत बिटबुर्गच्या दफनभूमीला भेट दिली, जिथे नाझी एसएसचे सैनिकही पुरलेले आहेत. त्यावर संतापून जोईने, जो स्वतः ज्यू होता, सहकाऱ्यांबरोबर गाणं लिहिलं. जॉनीला ते रुचलं नाही. अल्बमवर त्या गाण्याचं नाव बदललं गेलं. पण गाणं झालं आणि बँडही टिकला. २००२ मध्ये सन्मान स्वीकारताना जॉनीने मंचावरून रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष बुशचं अभीष्ट चिंतलं. ते दोघं वर्षानुवर्षं एका मंचावर वाजवू शकले, तर आपण ते ऐकू शकतो.

१०. कलाकाराने मत बदललं, आता काय? जुनी गाणी जुन्या मताची की नव्या?

जुनी गाणी जुन्याच काळाची. भूपेन हजारिका तरुणपणी अमेरिकेत कृष्णवर्णीय गायक पॉल रॉबसन यांना भेटले, त्यांच्या मिसिसिपीवरच्या गाण्यातून स्फुरलेलं 'बिस्तीर्ण पारोरे' त्यांनी ब्रह्मपुत्रेच्या काठी आणलं : दोन्ही तीरांवर इतकी दुःखं असताना नदी तू वाहतेस का, हा त्याचा सवाल. १९६७ मध्ये ते आसाम विधानसभेत अपक्ष म्हणून निवडून आले, आणि २००४ मध्ये भाजपच्या तिकिटावर गुवाहाटीतून लोकसभेला उभे राहिले व हरले. अनेक जुन्या चाहत्यांना ते लागलं. इतरांना त्यात काही वावगं वाटलं नाही. नदीला विचारलेला प्रश्न मात्र तोच आहे, आणि तो आजही दोन्ही बाजूंना बोचतो.

ग्रीसमध्ये संगीतकार मिकिस थिओडोराकिसचं तसंच. १९६७ च्या लष्करी राजवटीने त्याचं संगीत वाजवण्यावर आणि ऐकण्यावरही बंदी घातली, त्याला तुरुंगात टाकलं. तोच डावा थिओडोराकिस १९९० मध्ये उजव्या सरकारात मंत्री झाला. बंदीच्या दिवसांत लपून ती गाणी म्हणणाऱ्यांचं धैर्य त्याच्या मंत्रिपदाने मागे जाऊन पुसलं जात नाही.

बेथोवनच्या तिसऱ्या सिंफनीच्या प्रतीचं मुखपृष्ठ व्हिएन्नामध्ये जपून ठेवलं आहे. नेपोलियनने स्वतःला सम्राट म्हणवून घेतल्यावर, १८०४ मध्ये, बेथोवनने त्याचं नाव इतक्या जोरात खोडलं की कागदाला भोक पडलं. भोक अजून दिसतं. सिंफनी काही त्याने मागे घेतली नाही.

११. हुकूमशहाच्या राज्यात राहून संगीत करणाऱ्यांना काय म्हणायचं?

इथे मी निवाडा द्यायला कचरतो, आणि तसं कचरणं योग्य आहे असं मला वाटतं.

सोव्हिएत संगीतकार शोस्ताकोविचच्या ऑपेरावर जानेवारी १९३६ मध्ये 'प्रावदा' या कम्युनिस्ट पक्षाच्या वृत्तपत्राने झोड उठवली. त्या काळात अशा लेखानंतर माणूस गायब होऊ शकत असे. त्याने तयार झालेली चौथी सिंफनी मागे घेतली. ती वाजली थेट १९६१ मध्ये. नोव्हेंबर १९३७ मध्ये पाचवी सिंफनी आली आणि तो वाचला. १९६० मध्ये तो पक्षाचा सभासदही झाला. त्याला सरकारचा भाट म्हणायचं की मुस्कटदाबीत श्वास घेणारा माणूस, यावर संगीताच्या जगात आजही एकमत नाही.

वाद्यवृंद संचालक फुर्टवेंग्लर नाझी काळात जर्मनीत राहिला. त्याने काही ज्यू वादकांना वाचवायचा प्रयत्न केला, आणि एप्रिल १९४२ मध्ये हिटलरच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी बेथोवनची नववी सिंफनीही सादर केली. त्याचं चित्रीकरण आहे. युद्धानंतर चौकशीतून तो सुटला. १९४९ मध्ये शिकागोच्या वाद्यवृंदाने त्याला बोलावलं तेव्हा नामवंत कलाकारांनी विरोध केला आणि ते निमंत्रण बारगळलं. त्याची बाजू घेणाऱ्यांत व्हायोलिनवादक येहुदी मेन्यूहिन होता, जो स्वतः ज्यू होता.

इटालियन संचालक तोस्कानिनीचं नाव मग नेहमी पुढे केलं जातं, की बघा, नकार देता येत होता. खरंच त्याने दिला. १९३१ मध्ये बोलोन्यात फॅसिस्ट गीत वाजवायला तयार झाला नाही म्हणून मार खाल्ला, १९३३ मध्ये नाझी जर्मनीतल्या बायरॉइटच्या वाग्नर महोत्सवाला जायचं नाकारलं. पण हाच माणूस १९१९ मध्ये मुसोलिनीच्या यादीतून निवडणुकीला उभा होता. त्याचं मोठेपण मला याने कमी झालेलं वाटत नाही. डोळे उघडल्यावर त्याने किंमत मोजली.

तेव्हा विचारायचं ते हे : त्या माणसाला दुसरा रस्ता होता का? जीवावर बेतलं असताना केलेली तडजोड आणि सुरक्षित देशात, भरल्या ताटावर बसून केलेली हुकूमशहाची स्तुती एका मापाने मोजू नयेत.

१२. कलाकार गप्प राहिला तर तोही दोषीच ना? त्याने भूमिका घ्यायलाच हवी.

मला हे मान्य नाही. स्वतःहून उघड समर्थन करणं आणि न बोलणं यात अंतर आहे. १ मार्च २०२२ रोजी म्युनिक फिलहार्मोनिकने आपला रशियन संचालक वालेरी गेर्गिएव्हला काढलं. तो कित्येक वर्षं पुतिनचा जाहीर समर्थक होता, आणि युक्रेनवरच्या हल्ल्याचा निषेध कर असं सांगूनही तो बोलला नाही. हा निर्णय मला समजतो. पण त्याच महिन्यात माँट्रियालमध्ये तरुण पियानोवादक अलेक्झांडर मालोफेयेव्हचे कार्यक्रम रद्द झाले. त्याने युद्धाबद्दल आपली वेदना जाहीरपणे मांडली होती. तो रशियन होता, एवढंच. शिवाय त्याचे घरचे कुठे राहतात आणि त्यांचं काय होईल, हे बाहेरून मागणी करणाऱ्याला माहीत नसतं.

१३. 'शत्रू देशाच्या' कलाकाराला ऐकणं यातच येतं का?

नाही, आणि हे दोन प्रश्न एक करू नका. ऑक्टोबर २०१५ मध्ये जगजित सिंग यांच्या स्मृतीत होणारा पाकिस्तानी गायक गुलाम अली यांचा मुंबईतला कार्यक्रम शिवसेनेच्या विरोधानंतर रद्द झाला. त्यात गुलाम अली यांच्या कुठल्या राजकीय मताचा संबंध नव्हता. हरकत पासपोर्टला होती. माणसाच्या मताबद्दल त्याला जबाबदार धरता येतं. जन्माच्या ठिकाणाबद्दल नाही.

१४. बहिष्काराने काही होतं का?

संघटित आणि स्पष्ट मागणी असलेल्या बहिष्काराने होतं. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीविरुद्ध संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९८० मध्ये सांस्कृतिक बहिष्काराचं आवाहन केलं. आर्थिक निर्बंध आणि देशातला लढा यांच्या जोडीने त्याने त्या राजवटीला एकाकी पाडायला हातभार लावला. त्यातही अडचणी होत्या. अमेरिकन गायक पॉल सायमनने १९८५ मध्ये जोहान्सबर्गला जाऊन तिथल्या कृष्णवर्णीय वादकांसोबत ध्वनिमुद्रण केलं, १९८६ मध्ये 'ग्रेसलँड' हा अल्बम आला आणि बहिष्कार मोडल्याचा आरोप झाला. देशाबाहेर हद्दपारीत जगणारे दक्षिण आफ्रिकी कलाकार ह्यू मासेकेला आणि मिरियम मकेबा मात्र त्याच्या दौऱ्यात सामील झाले. चळवळीतली माणसं विरोधात आणि राजवटीचा मार खाल्लेली माणसं सोबत, असं चित्र होतं. मी सायमनच्या बाजूला झुकतो, कारण त्या वादकांना जग मिळालं. पण आधी चळवळीशी बोलायला हवं होतं, हा आक्षेप मला रास्त वाटतो.

उलट, मार्च २००३ मध्ये डिक्सी चिक्स या अमेरिकन कंट्री बँडच्या नॅटली मेन्सने लंडनमध्ये इराक युद्धाविरुद्ध आणि राष्ट्राध्यक्ष बुशविरुद्ध एक वाक्य उच्चारलं, आणि अमेरिकेतल्या कित्येक कंट्री रेडिओ केंद्रांनी त्यांची गाणी लावणं थांबवलं. मागणी काय होती? फक्त गप्प बसा. २००७ मध्ये त्यांना पाच ग्रॅमी मिळाले, पण कंट्री रेडिओवरचं पूर्वीचं स्थान परत मिळालं नाही. तुम्ही एकट्याने गाणं बंद केलंत तर त्याला बहिष्कार म्हणू नका. ती तुमची निवड आहे, आणि तिला कुणाचं प्रशस्तिपत्र लागत नाही.

१५. पुरस्कार कलेला द्यायचा की माणसाला?

नियमावलीत काय लिहिलं आहे ते आधी वाचा. पुरस्कार गायनासाठी असेल तर गायन मोजावं. २०२४ च्या मार्चमध्ये मद्रासच्या म्युझिक अकादमीने कर्नाटक संगीताचे गायक टी. एम. कृष्णा यांना संगीत कलानिधी पुरस्कार जाहीर केला, तेव्हा त्यांच्या सामाजिक-राजकीय मतांवरून रंजनी-गायत्री या गायिका भगिनींनी अकादमीच्या डिसेंबरच्या परिषदेतून अंग काढून घेतलं. अकादमीने निर्णय बदलला नाही. कृष्णांच्या गळ्याबद्दल तक्रार नसताना मतांसाठी त्यांना नाकारणं मला गैर वाटलं असतं. रंजनी-गायत्रींनी मात्र पदरचं देऊन, स्वतःची मैफिल सोडून विरोध केला, आणि हा मार्ग सभ्य आहे. मान द्यायचा की नाही हे देणाऱ्याच्या हातात, सोबत उभं राहायचं की नाही हे आपल्या हातात.

१६. राजकारण कळल्यापासून ते गाणं ऐकवतच नाही. मी संकुचित झालोय का?

नाही. कानाला जबरदस्ती करू नका. वर्षाने पुन्हा लावून पाहा. आलं तर आलं. परत आलं नाही म्हणून दुसऱ्यांनी ते ऐकू नये, एवढा निष्कर्ष तेवढा काढू नका.

१७. उलटी अडचण : कलाकार माझ्याच विचारांचा, पण गाणी सुमार. चारचौघांत स्तुती करावी लागते.

करू नका. मोर्चाला जा, वर्गणी द्या, गाण्याबद्दल मात्र खरं बोला. चळवळीतली सुमार गाणी चळवळीचंच नुकसान करतात, आणि बेसूर गाण्याला विचारासाठी टाळ्या मिळत गेल्या की चांगली गाणी लिहायची गरज कुणाला वाटत नाही.

१८. मी समूहगायनात गातो. एका रचनेवर माझा आक्षेप आहे. काय करू?

तालमी सुरू होण्याआधी सांगा, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी नाही. नेमकी कोणती रचना आणि त्यातलं काय, ते सांगा. रचनाकाराबद्दल राग असेल आणि रचना स्वच्छ असेल तर गाण्याचा विचार करा. शब्दांतच विष असेल तर बाजूला बसण्याची मुभा मागा. संचालकाने ती द्यावी, आणि त्या बदल्यात कुणाकडून मतांचा खुलासा मागू नये. मेहतांनी १९८१ मध्ये वादकांना दिलेली मोकळीक (प्रश्न ४) हा चांगला दाखला आहे.

१९. तीच चाल दोन विरुद्ध बाजू वापरत असतील तर ती कुणाची?

बेथोवनच्या नवव्या सिंफनीतली आनंदगीताची चाल घ्या. १९४२ ची फुर्टवेंग्लरची बर्लिनची मैफिल वर आलीच (प्रश्न ११). १९७४ मध्ये गोऱ्या अल्पसंख्याकांच्या सत्तेखालच्या ऱ्होडेशियाने (आजचा झिंबाब्वे) तिच्यावर आपलं राष्ट्रगीत बेतलं. युरोपीय संघाचं गीतही तीच चाल. १९८९ च्या नाताळात, भिंत कोसळल्यावर, अमेरिकन संचालक लिओनार्ड बर्नस्टाइनने ती बर्लिनमध्ये वाजवली आणि शिलरच्या शब्दांतल्या 'आनंदा'च्या जागी 'स्वातंत्र्य' घालून गाऊन घेतली. चाल कुणाच्याच मालकीची राहिली नाही. तुम्हाला ती ज्या क्षणाची वाटते त्या क्षणाची धरा, फक्त बाकीचे क्षण घडलेच नाहीत असं म्हणू नका.

२०. मुलांना किंवा शिष्यांना हे सगळं कधी आणि कसं सांगायचं?

लहान मुलांना चालीपुरतंच ठेवा; त्यांनी विचारलं तर खरं आणि थोडक्यात सांगा. किशोरवयात पूर्ण सांगा, पण आधी ऐकवा. कलाकाराची कुंडली आधी मांडली की मुलं संगीत ऐकण्याऐवजी त्यात पुरावे शोधू लागतात.

मी शोस्ताकोविचच्या पाचव्या सिंफनीचा शेवट वापरतो. शेवटच्या पानांवर पितळी वाद्यं विजयाचा गजर करतात आणि वरच्या पट्टीत एकच स्वर पुन्हा पुन्हा, न थांबता आपटला जातो. वेगाच्या खुणा वेगवेगळ्या आवृत्त्यांत वेगळ्या छापल्या गेल्यामुळे संचालक आपापल्या परीने तो घेतात. बर्नस्टाइनचं १९५९ चं ध्वनिमुद्रण इथे सुसाट धावतं आणि खरोखर जल्लोष वाटतो. रोस्त्रोपोविच तोच भाग इतका सावकाश घेतो की कुणीतरी सक्तीने आनंद साजरा करायला लावतंय असं वाटतं. दोन्ही पाठोपाठ लावा, मुलांना काय ऐकू आलं ते विचारा, त्यांना आपसात भांडू द्या. १९३६ चा लेख आणि मागे घेतलेली चौथी सिंफनी (प्रश्न ११) त्यानंतर सांगा, आणि मग दोन्ही ध्वनिमुद्रणं पुन्हा एकदा ऐकवा.